शंकेचे रिबाउंड

यादीत सगळ्यात वर खांबाचं नाव होतं. पॉलिशवालीने ते लाल पेन्सिलीने बेसिनच्या वरच्या पांढऱ्या फरशीवर लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. बास्केटबॉल खेळाडूंच्या टोपणनावांच्या या यादीचं नाव, 'उगाच डोक्यावर चढवलेले'. दुसऱ्या नंबरावर तोफ, तिसऱ्यावर घोडा आणि चौथी जागा रिकामी, कारण चौथ्या नावावरून सकाळपासून भांडण चाललं होतं. पहिल्या नावावरून मात्र कुणाचंच भांडण नव्हतं, आणि दाजींना राग आला तो त्याचाच.

हे सगळं चाललं होतं दातांच्या लॅबमध्ये. म्हणजे दात काढतात तिथे नव्हे, काढलेल्या दातांच्या जागी बसवायचे दात करतात तिथे. तळमजल्यावरची एक लांबट खोली, एक टेबल, तीन दिवे, तीन माणसं. मास्तर साचे ओतायचे, दाजी मेणात एकेक दात बसवायचे, पॉलिशवाली तयार कवळी घासून आरशासारखी करायची. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, असं हे काम. त्यामुळे बास्केटबॉलची लीग सुरू झाली की सहा महिने त्या खोलीत दुसरा विषय निघायचा नाही. बरं, तिघांपैकी कुणी जन्मात चेंडू हातात धरला असेल तर शपथ. पण मत विचारा, तयार.

"तोफेला पहिला नंबर द्या," मास्तर म्हणाले. "लांबून पाच टाकतो, त्यातला एक पडतो. तो एक पडला की छाती बडवत अख्ख्या मैदानाला फेरी मारतो. बाकीचे चार कुठे गेले ते कोण विचारतो? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

"एक तरी पडतो ना," पॉलिशवाली म्हणाली. "खांब काय करतो? उभा राहतो."

"तो उभा राहतो म्हणून बाकीचे पळतात," दाजी म्हणाले. "समोरचा सात फुटी रेडा अंगावर घेऊन उभं राहायचं म्हणजे काय असतं, कधी बघितलंय का नीट?"

"उभं राहायचं कौतुक मला नका सांगू. आमच्या गल्लीत विजेचा खांब आहे, तोही बारा महिने उभाच असतो. त्याला कुणी करार देत नाही."

मास्तर पोट धरून हसले. दाजींनी मेणाचा चाकू दिव्यावर गरम करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. खांब म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. हे दोघांनाही चांगलं माहीत होतं, पण यादीच्या बाबतीत लॅबमध्ये कुणी कुणाची भीड ठेवत नसे.

"दाजी, रागावू नका," मास्तर समजुतीने म्हणाले, आणि पुढचं बोलले ते नसते बोलले तर बरं झालं असतं. "आम्ही मनचं थोडंच सांगतोय? आकडे बघा. मॅचला चार रिबाउंड. एवढ्या उंच माणसाला चार. आणि भिंगरी त्याच्या खांद्याला लागतो, त्याला सात. बरं, हे लिहिलंय कुणी? तुम्ही. सख्खा मेहुणा असून तुम्ही चार लिहिता म्हणजे विषयच संपला. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर आम्ही म्हटलं असतं, काहीतरी गफलत असेल."

त्या दिवशी दाजींनी डावीकडचा सुळा उजवीकडे बसवला. वीस वर्षांत पहिल्यांदा. मास्तरांनी तो न बोलता उपटून परत दिला, याचाही त्यांना राग आला.

आता हे आकड्यांचं प्रकरण नीट सांगायला हवं. लीग तशी लहान होती. आठ क्लब आणि सगळ्यांना मिळून एकच हॉल. खेळाडू पगारी, पण फार मोठं काही नाही. मॅच बघताना कुणी किती टाकले, कुणी कुणाला पास दिला, हुकलेला चेंडू कुणी मिळवला म्हणजे रिबाउंड कुणाचा, हे कागदावर खुणा करून लिहायला हॉलचा एक माणूस लागायचा. दहा वर्षं तो माणूस म्हणजे दाजी. पहिली सहा वर्षं त्यांना कुणी दाजी म्हणत नसे. मैदानाकडेला टेबलाशी बसायचं, डोळा चेंडूवर, पेन्सिल कागदावर. दाताच्या कामात केसाएवढा फरक चालत नाही, तीच सवय इथेही. पंचसुद्धा अडलं की त्यांच्याकडे बघायचे.

चार वर्षांपूर्वी खांब या लीगमध्ये आला. पहिल्याच मॅचला अकरा रिबाउंड. दाजींनी अकराच्या अकरा लिहिले, कारण अकराच होते. मॅच संपल्यावर खांब घामाने निथळत टेबलाशी आला आणि भर गर्दीत म्हणाला, "दाजी, ताईला सांगा, जेवायलाच येतोय." झालं. शेजारी बसणारा घड्याळवाला म्हणाला, "अकरा होय? घरचं माणूस आहे म्हटल्यावर अकरा तर व्हायलाच पाहिजेत." सगळं टेबल खिदळलं. दुसऱ्या दिवसापासून हॉलचा झाडूवालाही त्यांना दाजी म्हणू लागला. आणि त्या आठवड्यात एका पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या, मथळा होता 'घरचे रिबाउंड'.

दुसरा कुणी असता तर त्याने हसून सोडून दिलं असतं. पण दाजींना नाकावर माशी बसलेली खपत नसे. त्यांनी तो पेपर घडी करून खिशात ठेवला आणि मनाशी एक नियम केला. कुणाला सांगितला नाही, कुठे लिहिला नाही. शंका आली की खांबाला नाही.

ऐकायला साधा नियम आहे. गंमत अशी की खांबाचा खेळच सगळा शंकेचा. गुडघे दुखरे, एकदा उडी मारली की लगेच दुसरी मारता येत नाही. म्हणून तो हुकलेला चेंडू दोन्ही हातांनी धरतच नसे. पाठीने समोरच्याला रेटून धरायचा आणि डाव्या तळहाताने चेंडू अलगद भिंगरीकडे टोलवायचा. भिंगरी तो घेऊन सुसाट. आता रिबाउंड कुणाचा? नियमाने विचाराल तर, जाणूनबुजून आपल्या माणसाकडे टोलवला असेल तर टोलवणाऱ्याचा. चुकून हाताला लागून गेला असेल तर ज्याने धरला त्याचा. जाणूनबुजून की चुकून, हे ठरवणार टेबलाशी बसलेला माणूस. आणि दाजींना दर वेळी वाटायचं, शंका आहे.

भिंगरीच्या बाबतीत मात्र उलटं. तो पब्लिकचा लाडका. गोल फिरून पास द्यायचा, हॉल डोक्यावर घ्यायचा. पास मिळालेल्या माणसाने मग चार पावलं पळून, दोघांना चुकवून बास्केट केलं तरी लोक ओरडायचे भिंगरीच्या नावाने, आणि दाजींची पेन्सिल भिंगरीच्या रकान्यात असिस्टची, म्हणजे बास्केट करून देणाऱ्या पासची, खूण करून मोकळी व्हायची. तिथे शंका येत नसे.

चार वर्षांत दाजींच्या कडकपणाचा बोलबाला झाला. नवीन आकडेवाल्यांना शिकवताना सांगायचे, असं लिहावं, मेहुण्यालाही सोडू नये. दाजी वरवर 'त्यात काय' म्हणायचे आणि आतून सुखावायचे. कधी मन खायचंच, तर ते स्वतःला समजवायचे की खांबाला बघणारा प्रशिक्षक मुरलेला आहे, त्याला डोळे आहेत, तो कुठे कागद बघून खेळवतो? हे खरंही होतं. पण त्या वर्षी मधेच प्रशिक्षक सोडून गेला आणि खांबाच्या क्लबमध्ये नवीन मॅनेजर आला. तो आला बिस्किटांच्या कंपनीतून. त्याला कागदच वाचता यायचा.

लीग संपली. शुक्रवारी क्लबची बैठक होती. बारा खेळाडूंपैकी नऊ ठेवायचे, तिघांना निरोप द्यायचा. खांबाचं वय एकतीस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. इथे निरोप मिळाला की त्याचा खेळ संपला, एवढं सरळ होतं.

दर रविवारप्रमाणे त्या रविवारी तो बहिणीकडे जेवायला आला. नेहमी दारातून वाकून आत येतानाच काहीतरी चेष्टा करायचा. त्या दिवशी गप्प. ताट समोर आलं तरी बोटांनी घास नुसता फिरवत बसला.

"मॅनेजरने बोलावलं होतं," तो म्हणाला. "कागद ठेवला समोर. म्हणाला, तूच सांग, या आकड्यांवर मी बैठकीत तुझ्यासाठी काय बोलू?"

"मग तू काय सांगितलंस?" बहिणीने विचारलं.

"काय सांगणार? कागदावर आहे ते आहे." मग तो दाजींकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. "दाजी, मला खेळताना वाटायचं हो, की बरेच घेतोय. सात, आठ तरी. घरी येऊन तुमचा कागद बघायचो तर तीन, चार. आधी वाटायचं काहीतरी चुकतंय. मग म्हटलं, चुकायला ते काय आजचे बसलेत? माणसाला स्वतःचं जास्तच वाटतं. अंगात राहिलं नाही, हे स्वतःला कळायला वेळ लागतो."

दाजींनी पाणी घेतलं. "गुडघ्यांमुळे असेल," ते म्हणाले. आपल्या तोंडून हे निघालं याची त्यांना त्याच क्षणी लाज वाटली, पण बोललेलं परत घेता येत नाही. खांबाने मान डोलावली आणि भाजी छान झालीय म्हणून बहिणीला सांगितलं. अर्धीअधिक ताटात तशीच होती.

तो गेल्यावर बायको टेबल पुसत राहिली. ती शाळेत गणित शिकवायची, आणि पुसलेलंच टेबल परत पुसू लागली की तिच्या डोक्यात काहीतरी बसत नाहीये असं समजायचं.

"खरंच संपलं का हो त्याचं?" तिने विचारलं.

"बघू या," दाजी म्हणाले, आणि त्यांनी लॅपटॉप काढला. हॉलमधल्या सगळ्या मॅच रेकॉर्ड व्हायच्या. शेवटच्या बारा त्यांच्याकडे होत्या. मनात खोल कुठेतरी त्यांना अजून आशा होती, की मोजल्यावर चारचे फार तर पाच निघतील आणि आपण सुटू.

बायको वही घेऊन शेजारी बसली. पहिल्याच मॅचला, दहा मिनिटांत, चेंडू हुकला, खांबाने पाठीने माणूस अडवला, मान वळवून बघितलं आणि तळहाताने चेंडू भिंगरीकडे दिला.

"हा एक," बायको म्हणाली आणि वहीत खूण केली.

"तो भिंगरीचा लिहिलाय."

"का?"

"शंका होती."

तिने मागे घेऊन परत लावलं. मग पुन्हा एकदा, हळू. "कसली शंका? त्याने वळून बघितलं, मग दिला. माझ्या सहावीतल्या पोरांनासुद्धा दिसेल."

दाजींनी रेकॉर्डिंग पुढे नेलं. पुढचा. त्याच्या पुढचा. तिसऱ्या मॅचला तिने पेन्सिल खाली ठेवली.

"शंका आली की तुम्ही काय करता?"

"खांबाला देत नाही."

"आणि दुसऱ्या कुणाच्या बाबतीत आली की?"

"देतो."

"कधीपासून?"

"ती पेपरात बातमी आली होती ना, तेव्हापासून."

तिने आवाज चढवला नाही. "लोक हसले म्हणून? चार ओळींसाठी चार वर्षं? अहो, प्रामाणिकपणा मिरवायला तुम्हाला माझाच भाऊ सापडला का?"

"मी कुणाची बाजू घेतली नाही," दाजी चिडून म्हणाले. "दहा वर्षांत एकाने माझ्याकडे बोट दाखवलेलं नाही."

"दाखवतील कसं? ज्याचं काढून घेतलंत तो तुम्हाला दाजी म्हणतो." तिने पेन्सिल उचलली. "चला, पुढची लावा. पूर्ण मोजायचं."

तीन दिवस लागले. दाजींनी लॅबमधून दोन दिवसांची रजा घेतली आणि ती शाळेतून आली की दोघं बसायचे. एरवी नवराबायको एकत्र बसून काही बघतात तेव्हा मधे चहा होतो, दोन शब्द होतात. इथे फक्त 'हा', 'पुढे', 'परत लावा'. बुधवारी संध्याकाळी बेरीज झाली. बारा मॅचचे दाजींच्या हातचे रिबाउंड अठ्ठेचाळीस. खरे चौऱ्याण्णव. आणि भिंगरीचे असिस्ट तिने आपणहून मोजले होते, त्यातला तिसरा हिस्सा फुकटचा.

"उद्या मॅनेजरकडे जा," ती म्हणाली. "बैठकीच्या आधी."

"जातो. खांबाला तू काही बोलू नकोस. तिकडे काम झालं तर त्याला सांगायची वेळच येणार नाही."

"मी बोलणारच नाही. ते तुमचं काम आहे."

मॅनेजरची खोली हॉलच्या वरच्या मजल्यावर होती. भिंतीवर तक्ते, तक्त्यांवर रंगीत रेघा. माणूस तसा गोड. दाजींना बघून उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली.

"बरं झालं आलात. मी म्हणणारच होतो, जाणकाराला विचारावं," तो म्हणाला. "उद्याच्या बैठकीत हाच वाद होणार आहे. तुमच्या मते आमच्या टीममध्ये सगळ्यात फुगवलेला खेळाडू कोण?"

"भिंगरी," दाजी म्हणाले.

मॅनेजरच्या भुवया वर गेल्या. "भिंगरी? मॅचला नऊ असिस्ट आहेत त्याचे. कशावरून म्हणता?"

"मीच फुगवलाय." आणि दाजींनी वहीचं पान टेबलावर ठेवलं. नियम सांगितला, पेपरातली बातमी सांगितली, बारा मॅच, अठ्ठेचाळीस आणि चौऱ्याण्णव. बोलता बोलता त्यांच्या कपाळावर घाम आला. दहा वर्षांत त्यांनी स्वतःची एवढी चूक कुणाला सांगितली नव्हती, आणि आता सांगून टाकल्यावर त्यांना थोडं हलकं वाटू लागलं होतं.

मॅनेजरने पान वाचलं. मग हसला, आणि ते हसणं समजूतदार होतं. तिथेच दाजी मनातून खचले.

"मी तुमच्या जागी असतो तर मीही आलो असतो," तो म्हणाला. "घरचा माणूस आहे, जीव तुटतो. मला अजिबात राग नाही."

"अहो, मी जीव तुटतो म्हणून नाही आलो. चुकीचं लिहिलंय म्हणून आलोय."

"चार वर्षं तुम्ही त्याला एक जास्तीचा दिला नाहीत. अख्खी लीग तुमचं नाव घेते. आणि बैठकीच्या आदल्या दिवशी चाराचे आठ? बैठकीत मी हे ठेवलं तर लोक काय म्हणतील, तुम्हीच सांगा."

"लोकांचं सोडा, रेकॉर्डिंग बघा. तुमच्या डोळ्यांनी बघा."

"बाराच का बघायच्या?"

"शेवटच्या सलग बारा आहेत. निवडून काढलेल्या नाहीत."

"असतील. पण जाणूनबुजून टोलवला की चुकून लागला, हे रेकॉर्डिंगमध्येही कुणीतरी ठरवायचंच ना? तुम्ही ठरवलंत. तेव्हाही तुम्हीच ठरवलं होतं. मग मी कुठल्या दाजींवर विश्वास ठेवू? ज्यांना तेव्हा काही मिळवायचं नव्हतं, त्यांच्यावरच ना?"

एवढं अक्कलशून्य आणि एवढं बिनचूक बोलणं दाजींनी कधी ऐकलं नव्हतं. माणूस चुकीचा होता आणि त्याचं बोलणं खोडता येत नव्हतं. त्यांना वाटलं, त्याची कॉलर धरून खाली मैदानात न्यावं, त्या सात फुटी माणसासमोर उभं करावं आणि म्हणावं, अडव बघू पाठीने. पण ते फक्त एवढंच म्हणाले, "तो चांगला खेळतो हो."

"तुम्ही असं म्हणणं स्वाभाविक आहे," मॅनेजर म्हणाला, आणि पान उलटं करून त्यांच्याकडे सरकवलं.

जिना उतरताना दाजी स्वतःशी मोठमोठ्याने भांडत होते. खाली झाडूवाला म्हणाला, "काय दाजी, आज मॅच नाही तरी?" त्याच्या अंगावर ते उगाच ओरडले. मग दहा पावलं गेल्यावर परत येऊन त्याची माफी मागितली. सगळ्यांवर राग काढून झाला होता. मॅनेजर, घड्याळवाला, पेपरवाला, लॅबमधली ती दोघं. ज्याच्यावर काढायला हवा होता तो कुठे गेला तरी बरोबरच चालत होता, त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

शुक्रवारी बैठक झाली. तिघांची नावं हॉलच्या दारावर लागली. खांबाचं नाव पहिलं होतं.

शनिवारी दुपारी दाजी हॉलवर गेले. खांब कपडे बदलायच्या खोलीत एकटा होता. कपाट रिकामं करत होता. बूट, टॉवेल, गुडघ्यांचे जुने पट्टे असं एकेक पिशवीत भरत होता. पट्टे आधी नीट गुंडाळून, मग.

"अरे दाजी, तुम्ही कशाला आलात?" तो म्हणाला. "सामान काही जास्त नाही. मी एकटा नेईन."

दाजी बाकावर बसले. त्यांनी वहीचं पान काढून त्याच्या हातात दिलं.

"काय आहे?"

"तुझे रिबाउंड. शेवटच्या बारा मॅचचे."

त्याने बोट ठेवून वाचलं. वरून खाली, मग परत वरून. "चौऱ्याण्णव," तो म्हणाला. "म्हणजे मॅचला जवळजवळ आठ." त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून दाजींना तिथून उठून जावंसं वाटलं. माणूस आजारातून उठल्यासारखा दिसत होता. "म्हणजे मला वाटायचं ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"मग ते चार कुठून आले?"

दाजींनी सांगितलं. काही गाळलं नाही. चार ओळींची बातमी, घड्याळवाल्याचं हसणं, तो नियम. मॅनेजरकडे गेलो होतो, हेही सांगितलं, पण मॅनेजर काय म्हणाला ते सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला.

खांब त्यांच्यासमोर उभाच होता. "लिहिताना कळायचं तुम्हाला?" त्याने विचारलं. "की खरंच शंका असायची?"

खोटं बोलायची हीच वेळ होती. "कधी कधी असायची," दाजी म्हणाले. "बहुतेक वेळा नसायची."

खांब बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. बाहेर मैदानावर कुणीतरी फरशी पुसत होतं, बादली सरकवल्याचा आवाज येत होता.

"महिन्यापूर्वी एका क्लबचा फोन आला होता," तो म्हणाला. "इकडचा नाही. मोठ्या लीगमधला. त्यांचा माणूस येऊन तीन मॅच बघून गेला होता. आकडे बघत नाही म्हणाला, माणूस बघतो. आम्हाला असाच अडवणारा हवाय म्हणाला. दोन वर्षांचा करार."

"मग?"

"नाही म्हटलं."

"नाही म्हटलंस? का?"

"भला माणूस होता हो. मला वाटलं, नेमक्या माझ्या तीन चांगल्या मॅच त्याने बघितल्या. तिकडे गेल्यावर चार रिबाउंड घेतले तर त्याला शिव्या पडतील माझ्यामुळे. म्हटलं, एवढा विश्वास टाकतोय, त्याला कशाला फसवायचं?"

दाजी उठून उभे राहिले. "आत्ता फोन लाव. मी बोलतो त्यांच्याशी. वही आहे, रेकॉर्डिंग आहे, सगळं पाठवतो."

"त्यांनी दुसरा घेतला. परवाच जाहीर झालं." खांबाने पान घडी करून त्यांच्या हातात परत दिलं. "ताईला माहीत आहे हे?"

"तिनेच मोजलं."

"मग तिला सांगा, उद्या जेवायला वाट बघू नको म्हणावं."

त्याने पिशवीची दोरी ओढली, खांद्यावर टाकली. त्या खोलीचं दार ठेंगणं, तिथे त्याला दर वेळी वाकावं लागायचं, तसा तो वाकला.

"जातो मी," म्हणाला, आणि गेला.